वहिली महालाचे वारस

मराठेशाहीच्या राज्यव्यवस्थेतील बारा महाल आणि अठरा कारखाने यांची जी फेरिस्त परंपरेने सांगितली जाते, तीत पालखी, पागा, थट्टी यांच्या पंक्तीला ‘वहिली’ नावाचा एक महाल आहे. रथ, छकडे, बैलांच्या बंद गाड्या अशा चाकांवरच्या वाहनांची निगा राखणे, त्यांची दुरुस्ती करविणे आणि त्यांवरील खर्चाचा हिशेब ठेवणे हे त्याचे काम. कारखान्यांपैकी फरासखान्याचे नाव पुण्याच्या बुधवार पेठेतल्या पोलीस चौकीने जिवंत ठेवले. वहिली महालाचे नाव मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांवाचून कोणाच्या तोंडी उरले नाही. तथापि त्या महालाच्या कारभाऱ्याला जी विवंचना असे, म्हणजे आस तुटला तर लाकूड कोठून आणावे, धाव उतरली तर लोहार कोणता गाठावा आणि झालेला खर्च कोणत्या बाबीखाली लिहावा, ती विवंचना या शहरात आजही काही गृहस्थ हौसेने आणि पदरमोड करून वाहत असतात. त्यांचे वाहन तेवढे बदलले आहे. ते डेट्रॉइटच्या कारखान्यांत किंवा त्यांच्या कॅनडातील शाखांत जन्मलेले असते, त्याचे वय साठ-सत्तर ते नव्वद वर्षांचे असते, आणि त्याच्या नाकावर शेव्हरोलेट, डॉज, प्लायमथ, ब्यूक किंवा फोर्ड यांपैकी एखादे नाव असते.

नारायण पेठ ही मोटारींची पेठ कधीच नव्हती, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. ज्या नारायणराव पेशव्यांचे नाव तिला मिळाले, त्यांचा १७७३ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या शनिवारवाड्यात झालेला वध सर्वश्रुत आहे. पुढल्या दीडशे वर्षांत पेठेने वाडे, देवळे, छापखाने आणि शाळा पाहिल्या, परंतु तिच्या बोळांची रुंदी ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे माणूस, घोडा आणि फार तर पालखी होती. मोदी गणपतीपासून पत्र्या मारुतीपर्यंतचा किंवा मुंजाबाच्या बोळातला रस्ता ज्याने पायी तुडवला आहे, त्याने १९५९ सालच्या शेव्हरोलेट इम्पालाचे माप मनात आणून पाहावे: लांबी जवळजवळ साडेसतरा फूट, रुंदी साडेसहा फुटांहून अधिक. असले वाहन बोळात शिरले, तर समोरून येणाऱ्या सायकलस्वाराला उतरून कोणाच्या तरी ओट्यावर चढावे लागणार, आणि सायकलस्वार पुणेकर असल्यामुळे तो उतरण्यापूर्वी दोन शब्द ऐकवणार, हेही ठरलेलेच. मोटारी होत्या त्या मुख्यतः लष्कर भागात, बंड गार्डनच्या बाजूला आणि संस्थानिकांच्या बंगल्यांत. पेठेतला वकील टांग्याने कोर्टात जाई, प्राध्यापक सायकलीने महाविद्यालयात.

परंतु मोटारीचा स्पर्शच पेठेला झाला नाही असेही नाही. १९०५ मध्ये लोकमान्य टिळकांनी गायकवाडांकडून जो वाडा विकत घेतला आणि जो पुढे केसरीवाडा म्हणून प्रसिद्धी पावला, त्या वाड्याच्या धन्याच्या अखेरच्या आजाराच्या हकिकतीत मोटार आहे. १९२० च्या जुलैमध्ये मुंबईत मुक्काम असता दिवाण चमनलाल यांच्यासमवेत लोकमान्य मोटारीतून फेरफटक्याला गेले, त्यात त्यांना गारठा बाधला, ताप वाढत गेला आणि १ ऑगस्टला त्यांचा अंत झाला. त्या काळच्या बहुतेक मोटारी उघड्या असत, कापडी छपराच्या. वाऱ्या-पावसापासून त्यांत आसरा असा जवळजवळ नसे. बंद पोलादी शरीराची मोटार सामान्य होण्यास पुढे आणखी काही वर्षे जायची होती. जुन्या वाहनांचे भक्त उघड्या ‘टूरर’ गाडीच्या सौंदर्याची स्तुती करताना तिच्यातल्या गारठ्याचा उल्लेख सहसा टाळतात.

अमेरिकन गाडीच या मुलखात का रुजली, राज्यकर्त्यांच्या देशातली का नव्हे, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडातील करपद्धतीत सापडते. तेथे मोटारीवरचा कर ज्या अश्वशक्तीवर आकारीत, ती अश्वशक्ती इंजिनाच्या सिलिंडरच्या व्यासावरून ठरविली जाई. परिणामी तिथल्या कारखानदारांनी अरुंद सिलिंडरांची, छोट्या ताकदीची, नाजूक बांध्याची वाहने काढली. अमेरिकेत असा जाच नव्हता आणि रस्ते मात्र वाईट होते. तेथील शेतकऱ्याला चिखलातून आणि खाचखळग्यांतून जाणारी, जमिनीपासून उंच, मोठ्या इंजिनाची आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल अशी स्वस्त गाडी हवी होती. हेन्री फोर्डने ती १९०८ मध्ये दिली आणि १९२७ पर्यंत तसल्या दीड कोटी गाड्या काढल्या. दख्खनचे मुरमाचे रस्ते आणि सह्याद्रीचे घाट यांना हेच वाहन मानवणारे होते. त्या ‘मॉडेल टी’ची पेट्रोलची टाकी आसनाखाली असून इंधन केवळ गुरुत्वाने इंजिनाकडे उतरत असे, त्यामुळे टाकी अर्धवट असता कडक चढणीवर इंधन पोचेनासे होई आणि चालक गाडी वळवून, पाठ घाटमाथ्याकडे करून, उलटी चढवीत असे.

आपल्याकडे आलेल्या ‘अमेरिकन’ गाड्यांपैकी अनेक कॅनडाच्या होत्या, ही गोष्ट आजच्या हौशी माणसालाही पुष्कळदा ठाऊक नसते. ब्रिटन वगळता साम्राज्यातल्या मुलखांचा हक्क फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होता, आणि १९२६ मध्ये स्थापन झालेली फोर्ड इंडिया ही तिचीच शाखा. उजव्या बाजूचे चाक हवे तर तेथूनच मागवावे लागे. जनरल मोटर्सने तर १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखानाच काढला: सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि शेव्हरोलेट येथे उभी राहायची. मुंबई जवळ असल्याने पुण्याला त्याचा लाभ मिळाला. महत्त्वाची बाब अशी की शेव्हरोलेटची मोटार आणि शेव्हरोलेटची लॉरी यांच्या पोटात पुष्कळ काळ एकाच कुळीचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते. १ जून १९४८ रोजी सरकारी एस.टी.ची पहिली गाडी नगरहून पुण्याला धावली, त्या काळातल्या बसगाड्यांत बेडफर्डबरोबर शेव्हरोलेट, फोर्ड, स्टुडबेकर अशी नावे होती. म्हणजे ज्या मेस्त्रीचे हात बसच्या इंजिनावर बसले होते, त्याला वकिलाच्या गाडीचे इंजिन नवे नव्हते. अमेरिकन गाडीच्या दीर्घायुष्याचे खरे कारण मला येथे दिसते. तिच्या पोलादाची जाडी वगैरे जी कारणे सांगतात, ती दुय्यम होत.

स्वदेशी मोटारीचे स्वप्न ज्यांनी पाहिले, त्यांचेही पुण्याशी नाते होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत असता त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसले, आणि निवृत्तीनंतर, सत्तरी उलटल्यावर, मोटारीच्या कारखान्याची योजना घेऊन ते अमेरिकेपर्यंत हिंडले. ती योजना उचलली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जुळली, आणि १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लायमथ, डिसोटो आणि फार्गो लॉऱ्या बाहेर पडू लागल्या. पुण्यातील युद्धोत्तर काळातल्या जुन्या गाड्यांवर जेव्हा डॉज किंवा प्लायमथचे नाव दिसते, तेव्हा ती गाडी अर्धी कुर्लेकर असण्याचा संभव पुष्कळ असतो.

मधल्या दुसऱ्या महायुद्धाने एक निराळाच धडा दिला होता. पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा बसगाड्यांना आणि काही मोटारींना मागे कोळशाची भट्टी जोडून तिच्या वायूवर त्या चालवल्या गेल्या; गाडी सुरू करण्यापूर्वी चालकाला बंब पेटवावा तशी भट्टी पेटवावी लागे. युद्ध संपताच लष्कराच्या जीपगाड्या आणि लॉऱ्या ‘डिस्पोझल’च्या लिलावांत निघाल्या आणि सुट्या भागांचा मोठा साठा बाजारात आला. मग १९५३ साल उजाडले. ज्या कंपन्यांना या देशात प्रत्यक्ष उत्पादन करावयाचे असेल त्यांनीच राहावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी राहू नये, असा अभिप्राय टॅरिफ कमिशनने दिला. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, फोर्डनेही गाशा गुंडाळला. कुर्ल्याला फियाट आली. नव्या अमेरिकन गाडीची वाट त्यानंतर जवळजवळ बंदच झाली. परराष्ट्रांच्या वकिलातींनी वापरून टाकलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत लिलावाने विकल्या जात, त्यांतून एखादी इम्पाला सिनेनटाच्या दारी जाई. मध्यमवर्गाच्या दारी जी उभी होती तीच पुढे तीस वर्षे चालवावयाची होती.

हा जो टंचाईचा कालखंड, म्हणजे साधारणतः १९५४ ते १९८५, त्याचा इतिहास कोणी लिहिला नाही. तो लिहिण्याची साधने कागदावर नाहीत हेच त्याचे कारण असावे. बाहेरून भाग येईनासा झाला की गॅरेजमधला मेस्त्री तो येथे निर्माण करी. किंगपिनचे बुश लेथवर गनमेटलमधून कातले जात. हेडचे पॅकिंग तांब्याचा पत्रा कापून होई. लॉरीचा पिस्टन घासून-कातून मोटारीत बसे. १९५३ पर्यंतच्या शेव्हरोलेटच्या कनेक्टिंग रॉडांत सुटे बेअरिंग नसून वितळवलेला पांढरा धातू ओतलेला असे, तो झिजला की पुन्हा ओतून, निळा रंग लावून, हाताने खरवडून बसता करणारे कारागीर होते. सहा व्होल्टची बॅटरी मिळेनाशी झाली म्हणून सारी वायरिंग बारा व्होल्टची झाली, दिवे बदलले, डायनामो बदलला. फोर्डच्या व्ही-आठ इंजिनात जळलेला वायू ठोकळ्याच्या पोटातूनच बाहेर जातो, त्यामुळे ते घाटात लवकर तापते आणि इंधनाच्या नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबते. पेट्रोल-पंपावर ओले फडके गुंडाळून खंबाटकी चढणे हा त्यावरचा उपाय अमेरिकेतल्या कोणत्याही पुस्तकावाचून येथे सर्वमान्य झाला.

१९७३ च्या तेलसंकटानंतर लिटरला पाच-सहा किलोमीटर जाणारे इंजिन पोसणे सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा ते उचलून काढून त्या जागी डिझेलचे बसवण्याची प्रथा बळावली: प्रथम पर्किन्स, आणि पुढे पुण्याशेजारच्या आकुर्डीत बजाज टेम्पो कंपनी जी मॅटाडोर गाडी बनवीत असे तिचे इंजिन. मूळ इंजिन भंगारात गेले. ज्याला आजचा संग्राहक हळहळून ‘सत्यानाश’ म्हणतो तो हाच. परंतु ते स्थित्यंतर झाले नसते तर इंजिनापाठोपाठ उरलेली गाडीही तराजूवर गेली असती, हे तो विसरतो.

या कालखंडाच्या मध्यावर, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले आणि विश्वेश्वरय्यांच्या दरवाजांचे ते धरण ओलांडून मुठा नारायण पेठेत, शनिवारात, कसब्यात शिरली. शंभरी ओलांडलेले विश्वेश्वरय्या त्या वेळी हयात होते. मातीचे वाडे बसले. पेठेच्या दृष्टीने मोटारीचा विचार त्या दिवशी शेवटचाच. परंतु जुन्या वाहनांच्या शोधकाला पूर आजही आडवा येतो, कारण लाकडी पेट्यांतली नोंदणीपुस्तके, खरेदीच्या पावत्या आणि कराचे दाखले त्या चिखलात गेले. गाळ इंजिनात शिरला की पिस्टन जाम होतो; महिनोन्महिने सिलिंडरात रॉकेल सोडून, हलक्या हाताने हँडल फिरवून तो कधीकधी सुटतो. कागदाला असा उपाय नाही.

आणि कागदावाचून या छंदात गती नाही. नवखा मनुष्य समजतो की जुनी गाडी शोधणे म्हणजे एखाद्या वाड्याच्या पडवीत धुळीखाली झाकलेले सुंदर वाहन दृष्टीस पडणे. अनुभवी मनुष्य प्रथम वारसांची संख्या विचारतो. गाडी आजोबांच्या नावे असते, आजोबांना जाऊन चाळीस वर्षे झालेली असतात, वाड्याच्या वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात असतो, आणि गाडी ही जंगम मिळकत असल्याने तिच्यावर प्रत्येक हिस्सेदाराचा डोळा असला तरी खर्च कोणाच्याच खिशात नसतो. एका पुतण्याची हरकत म्हणून विक्री अडते. पुष्कळ वेळा अशी भाऊबंदकीच गाडीला वाचवते: सर्वांची संमती मिळाली असती तर ती कधीच भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली असती. वाडा पडून इमारत उभी राहावयाची वेळ आली की मात्र निकाल आठवड्यात लागतो. पुण्याची कोरडी हवा या बाबतीत उपकारक ठरली आहे. मुंबईच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच पाऊस येथे पडतो आणि समुद्राचे खारे वारे नाहीत, त्यामुळे पत्रा गंजला तरी चाळण होत नाही.

भाग शोधण्याचे मार्ग ठरलेले आहेत. नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने. मंगळवार पेठेलगतचा जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो आणि जेथे भल्या सकाळी गेलेल्यालाच काही हाती लागते. त्याहून पुढे मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याची भंगार दुकाने. हाती धरलेला दिव्याचा काठ १९४८ चा की १९४९ चा, हे पाठीमागच्या ओतीव आकड्यावरून वाचता येणारा मनुष्य तेथे विद्वान मानला जातो. आता परदेशातून भाग मागवता येतात, आणि साठ वर्षे येथे कोणी पाहिला नव्हता तो रबरी पट्टा नवा कोरा होऊन टपालाने येतो. त्यामुळे सोय झाली, पण गनमेटलचे बुश कातणारा लेथवाला निवृत्त झाला. मला हा व्यवहार निव्वळ लाभाचा वाटत नाही.

देखभालीची गोष्ट निराळी. शिसे घातलेले पेट्रोल देशात २००० च्या फेब्रुवारीपासून बंद झाले. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठका त्या शिशाच्या भरवशावर होत्या, त्या आता कठीण पोलादाच्या बसवाव्या लागतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळू लागले आहे. ते जुन्या रबराला फुगवते, हवेतले पाणी ओढते आणि गाडी दोन महिने उभी राहिली की कार्ब्युरेटरमध्ये हिरवट राळ साठवते. गाडी वापरावी तर झिजते, उभी ठेवावी तर सडते.

अशा गाड्यांच्या मिरवणुकी भरवण्याची प्रथा आपल्याकडे ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ मध्ये दिल्लीत पाडली. पुण्या-मुंबईतल्या मेळाव्यांना आज जी गर्दी होते तिचा उगम तेथे आहे. सरकारने मात्र या छंदाची दखल विधिवत घेतली ती २०२१ मध्ये. मोटार वाहन नियमांतील त्या वर्षीच्या दुरुस्तीप्रमाणे प्रथम नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते; क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला वीस हजार आणि दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला पाच हजार रुपये पडतात, आणि असे वाहन प्रदर्शन, मेळावा, संशोधन, दुरुस्ती वा इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते; नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरास मनाई आहे. वरातीत भाड्याने गाडी फिरवणाऱ्यांना हे कलम अर्थातच आवडलेले नाही. परंतु मला महत्त्वाची वाटते ती दुसरी अट: वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, आणि सांगाडा, शरीर व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

अट वाचताना निर्दोष वाटते. पण ती पुण्याच्या गाडीला लावून पाहा. शिवडीला जुळलेली १९३८ ची शेव्हरोलेट, जिच्यावर युद्धात कोळशाची भट्टी चढली, साठीत जिचे पिस्टन लॉरीचे झाले, सत्तरीत जिची वायरिंग बदलली आणि ऐंशीच्या सुमारास जिच्यात मॅटाडोरचे इंजिन आले, तिचे ‘मूळ’ कोणते? संग्राहक आज मॅटाडोरचे इंजिन उपसून टाकतो, परदेशातून त्याच सालचे सहा सिलिंडरांचे आणतो, तपासणी समिती संतोष पावते, आणि ज्या दुरुस्त्यांमुळे गाडी समितीपुढे येईपर्यंत जगली त्या साऱ्या भंगारात जातात.

याच शहरात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात, १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीने शेकडो पोथ्या ताडून मूळाच्या जास्तीत जास्त जवळचा पाठ सिद्ध केला गेला. पण जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते कोणी मुठेत सोडले नाहीत; तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या पोथीत कोठे आढळले या नोंदीसह, ते छापले. त्यामुळे ज्याला मूळ हवे त्याला मूळ मिळते आणि ज्याला शतकानुशतकांचा वाचक शोधावयाचा असेल त्यालाही त्याचे साहित्य तेथेच सापडते. मोटारीच्या बाबतीत एवढे करणे अवघड नाही. काढलेले डिझेल इंजिन ठेवायला जागा नसेल, नसो. त्याचा क्रमांक, ते कोणत्या साली कोणत्या गॅरेजात बसले, बुश कोणी कातले, पांढरा धातू कोणी ओतला, हे वहीत उतरवता येते. वहिली महालाचा कारकून चाकाच्या धावेचा खर्च लिहीत असे तो त्याच्या दौलतीच्या हिशेबासाठी, पण त्या काळच्या लोहारांची नावे, दर आणि सवयी आज समजतात त्या असल्याच कागदांतून. २०२१ च्या नियमांखालील अर्जाला जुने नोंदणीपुस्तक, विम्याचा कागद आणि आयात केलेल्या गाडीसाठी जकातीचा दाखला जोडावा लागतो. मेस्त्रीच्या नावासाठी त्यात रकाना नाही. तो भरणाऱ्याने वेगळा कागद घ्यावा, आणि शक्य तर वृद्ध मेस्त्री हयात आहेत तोवर घ्यावा.